परड्यातली पानवेल

१५ सप्टेंबर १९६९

आज परड्यात मांडव उभा राहिला. दादानं कारखान्यातून सुट्टी घेऊन दिवसभर खड्डे खणले. हातभर खणलं की तळाला पाणी लागतं. पंचगंगा इथून दोन शेतं पलीकडे, त्यामुळे पाऊस संपला तरी घरामागच्या या जागेची ओल माघापर्यंत हटत नाही. अळूशिवाय इथं कधी काही आलेलं नाही. आई म्हणाली, "त्या चिखलात म्हस बसंल, दुसरं काय हुणार?"

पण वहिनीच्या माहेरी, हातकणंगल्याकडे, पानमळा आहे. पानवेलीला ओल लागते, सावली लागते. फक्त मुळाशी पाणी साचून चालत नाही. म्हणून वाफे गुडघाभर उंच केले, मधे खोल चर काढला, वर बांबूच्या मांडवावर उसाचं पाचट टाकलं. चरात पाझरलेलं पाणी रोज सकाळी उपसायचं. मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चार वर्षं वहीत मुळांच्या आकृत्या काढल्या, आता खरी मुळं धरवून दाखवायची आहेत.

खरं कारण मात्र वहिनी आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. श्रावणात आई तिच्यासमोरच दादाला म्हणाली, "चैतापातूर वाट बगू. न्हाय तर हिला हिच्या म्हायेरी पोचवू आनि दुसरी बगू." दादा ताटात बघत राहिला. मी सांगितलं की दुसरं लग्न हा आता गुन्हा आहे, तसा कायदा आहे. आई म्हणाली, "कायदा काय पाळणा हलवतोय व्हय?"

मला वाटतं, वहिनीच्या हातचं काहीतरी या घरात वाढलं, चार लोकांनी ते नावाजलं, तर आई तिच्याकडे माणूस म्हणून बघेल. मांडव त्यासाठी आहे. हे मी कुणाला बोलले नाही.

२१ सप्टेंबर

वहिनीचे वडील स्वतः एसटीनं वेलीचे तुकडे घेऊन आले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. लेकीच्या घरचं पाणी प्यायले आणि लगेच परत गेले. आईशी बोलताना ते सारखे हात जोडत होते. मला ते बघवलं नाही.

लावण वहिनीनं केली. मांडवाच्या तोंडाशी चप्पल काढायला लावली. मग म्हणाली, "वन्सं, आनि एक हाय. बाजूला बसल्याली बाई मांडवात येऊ द्यायची न्हाय. तिची सावलीबी नगं. वेल म्हंजे देवी हाय, तिला इटाळ सोसत न्हाय. पान करपतंय."

मी हसले. ती हसली नाही.

४ ऑक्टोबर

शाळेत रजेच्या जागेवर मला एप्रिलपर्यंत नोकरी मिळाली. मुलींना शास्त्र शिकवते. सकाळी लवकर निघावं लागतं.

आणि नेमकी या आठवड्यात वहिनी चार दिवस बाजूला बसली. मागच्या सोप्यात कांबळं, वेगळा तांब्या, लांबून वाढायचं. आईची कंबर धरलेली, दादा पहाटेच्या पाळीला. चर कुणी उपसला नाही. आज बघितलं तर कडेच्या वेली बुडाशी काळ्या पडल्यात, बोट लावलं की सुटतात. वहिनी आंघोळ करून आली आणि मेलेल्या वेली ओटीत गोळा करून रडत बसली.

शेजारच्या चिमणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हातगुण असतोय बाई एकेकीचा. काय लावलं तरी धरत न्हाय."

आईनं ऐकलं. वहिनीनंही ऐकलं.

२८ ऑक्टोबर

काल वहिनीनं कांबळं काढलं तसा मी तिचा हात धरला.

"वैनी, या खेपेला बसू नका."

"म्हंजे?"

"म्हणजे कुणाला सांगूच नका. रोजच्यासारखं वावरा, चर उपसा. देवघराकडचं मी बघते. वेलीला काही होत नाही, हे मी तुम्हाला दाखवते."

"आनि पाप?"

"लागलं तर मला लागेल."

"तुमचं पाप बी.एस्सी. झाल्यालं असंल," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. मी विज्ञान सांगत राहिले आणि ती कांबळं घडी घालून परत ठेवत राहिली.

कापडं मी धुतली आणि मांडवाच्या मागे, माझ्या जुन्या परकराखाली वाळत घातली. आज सकाळी तिनं चर उपसला. वेलींना कळलंसुद्धा नाही.

६ नोव्हेंबर

माझे दिवस आले. मी मुकाट्यानं सोप्यात बसते. मला मांडवात जायची गरज नाही, मग आईशी वाद कशाला? पण बसल्याबसल्या मनात येतं, जो नियम मी स्वतः पाळते तो वहिनीला मोडायला सांगते. हे बरोबर आहे का?

२७ नोव्हेंबर

या महिन्यातही पार पडलं. वेली बांबूला धरून छान चढताहेत. वहिनी ओल्या लव्हाळ्याच्या पात्यानं एकेक गाठ मारते, घट्ट नाही, सैलही नाही. पानाला तेल लावल्यासारखी चकाकी आहे.

आज एक आश्चर्य घडलं. वहिनी घागर उचलत होती तर आई म्हणाली, "ठेव खाली. लीला आणंल." मी धावत जाऊन आणली. घरातली कामं वाटून घ्यावीत असं मी आईला कितीदा सांगत आले. बोललेलं वाया जात नाही म्हणायचं.

८ डिसेंबर

आई स्वतः चर उपसायला लागली! कमरेला फडकं बांधून, डबडं घेऊन. मी म्हटलं, "आई, तुझी कंबर?" तर म्हणाली, "तू गप. कालिंदीनं वाकायचं न्हाय आता." आणि वहिनीकडं बघून गालात हसली.

ज्या बाईला तिथं फक्त म्हैस बसेल असं वाटत होतं, तिला वेलींची ओढ लागली. मला भरून आलं. वहिनीला म्हटलं, "बघा, तुमच्या हाताला यश आलं." ती मान खाली घालून गाठी मारत राहिली.

जेवताना आईनं दुधावरची साय वहिनीच्या वाटीत घातली. ती साय आजवर दादाची असायची.

२३ डिसेंबर

वहिनीला मी म्हटलं, "आता आई उपसते आहे. या खेपेला बसायचं असेल तर बसा, वेलींचं अडणार नाही."

तिनं पटकन मान हलवली. "नगं वन्सं. आता सुरू हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

मला फार बरं वाटलं. गरज म्हणून सुरू केलेलं आता तिला मनापासून पटलंय. माणूस बदलतो तो असा.

दादा काल चिंचा आणि आवळे घेऊन आला. लग्न झाल्यापासून त्यानं वहिनीसाठी वाटेत काही घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. पिशवी तिच्या हातात न देता चुलीजवळ ठेवली आणि लाजून बाहेर गेला. वहिनीच्या चेहऱ्यावर तजेला आलाय. मांडवानं हे घर बदललं असं मी लिहिलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

४ जानेवारी १९७०, रविवार

सगळे निजल्यावर लिहिते.

संध्याकाळी आईनं पुढचं दार लावलं, मला हाक मारली, पाट मांडायला सांगितला. वहिनीला त्यावर बसवलं. ट्रंकेतून हिरवा खण काढला, नारळ काढला. मी विचारलं, "आज काय?"

आई हळू आवाजात म्हणाली, "चोरओटी. तिसरा सरतोय. कुणाला बोलू नगंस इतक्यात, दिष्ट लागती." आणि तिचे डोळे भरले. "दसऱ्यापासनं बघतेय मी. एकदाबी बाजूला बसली न्हाय पोरगी."

मी नारळ हातात धरून उभी राहिले. आईनं ओटी भरली, वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या पदराचं टोक आपल्या डोळ्यांना लावलं. आईनं. वहिनी माझ्याकडं बघत नव्हती.

साय, घागर, चर, चिंचा. मी शास्त्र शिकवते!

५ जानेवारी

सकाळी मांडवात गाठलं तिला.

"तुम्हाला कधी कळलं, वैनी?"

"घागर उतरवली तवाच."

"मग बोलला का नाहीत? मला तरी?"

ती वेलीचं एक कोवळं टोक बांबूकडं वळवत होती.

"वन्सं, ह्या घरात माझ्या ताटात कुणी इचारून वाडलं नव्हतं. त्या दिशी सासूबाई म्हनल्या, 'आनि भाकरी घे.' म्हटलं, उद्या सांगू. मग परत उद्या. तवर ह्यांनी चिंचा आणल्या."

मी म्हटलं, आज आईला सगळं सांगते, कल्पना माझी होती, दोष माझा आहे.

"तुमी लेक हाय. तुमास्नी दोन दिस बोलतील. तीन म्हयने इटाळशी चुलीला शिवली, घरभर वावरली, आनि वर पोटाचं खोटं सांगितलं, एवडं माझ्या नावावर लागंल. चैत कशाला, उद्याच एसटीत घालतील."

"तुम्ही खोटं कुठं सांगितलंत? तुम्ही बोललाच नाहीत."

"कुणाला पटंल?"

मला पटलं. पण मी कोण?

११ जानेवारी

रोज ठरवते आणि रोज राहून जातं. आई बाळंतविड्यासाठी जुनी मऊ लुगडी फाडून घड्या करते आहे. आज मला विचारत होती, शाळेतून लोकर आणशील का. खरं बोलावं यावर मी वर्गात तास घेतला परवा. मुली एकाग्र होऊन ऐकत होत्या.

वेली माझ्या खांद्याला लागल्या.

२० जानेवारी

आज ते झालं.

वहिनीनं मला काल सांगून ठेवलं होतं. "आता दिवस येतील तवा पडलं म्हणून सांगते. नुसतं न्हायच म्हटलं तर वांझ ती वांझ. पडलं म्हटलं तर निदान ऱ्हातंय तरी म्हंतील." मी तिला नाही म्हणाले नाही. हो सुद्धा म्हणाले नाही. दुपारी शाळेतून आले तर ती दारातच माझी वाट बघत होती, पोट धरून. आम्ही दोघी मागं गेलो. परत आलो तेव्हा आई उंबऱ्यावर उभी होती.

वहिनी बोललीच नाही. तिला बोलावं लागलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि जे रडली ते खरं होतं.

आईनं मला विचारलं, "तू होतीस तितं? तू बगितलंस?"

"होते. बघितलं."

आईनं तोंडात पदर कोंबला. आवाज न करता रडत होती, शेजारी कळू नये म्हणून. मग वहिनीजवळ बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाजूचं, शिवायचं नाही, कशाचं तिला भान नव्हतं. दादा आला, त्यानं ऐकलं, पुन्हा सायकल घेतली आणि निघून गेला.

मी चहा केला. कुणी प्यायलं नाही.

२२ जानेवारी

आईच्या आग्रहानं वहिनीला घेऊन राजारामपुरीत बाई डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याच्या बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसलो. वहिनी आत यायला तयार नाही.

"आत जाऊन काय दावायचं?"

मी म्हटलं, "खरंच दाखवू या. मूल का होत नाही ते विचारू. दादालाही तपासायला लावू. दोष कुणाचा ते कळेल तरी."

"माझा निघाला तर आजच जाईन. त्यांचा निघाला तर कुणाला सांगू?"

आत नंबर पुकारत होते. बायका पोटं सांभाळत आत जात होत्या, बाहेर येत होत्या. आम्ही बराच वेळ बसलो आणि बसनं परत आलो. आईला मी सांगितलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. आता माझं तोंड आपोआप चालतं.

२ फेब्रुवारी

चिमणाबाईंना कळलंच. आज कुंपणाशी आईला सांगत होत्या, आवाज कमी न करता.

"अगं, बाजूला बसल्यालीचाच न्हाय, पोटुशीचाबी इटाळ असतोय त्या वेलीला. एक तर वेल तरी मरती, न्हाय तर दुसरं कायतरी. बग की कशी तरारलीय! तिनं काय खाल्लं म्हनून तरारली?"

आई मांडवाकडं बघत राहिली.

मी पुढं होऊन म्हटलं, "चिमणामावशी, पाणी उपसलं म्हणून वेली चांगल्या आहेत." त्या म्हणाल्या, "व्हय बाई, तू शिकल्याली." आणि आत गेल्या.

वेली चांगल्या आल्या हेच तर मला दाखवायचं होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आईनं सकाळी दादाला विळा दिला. मी मधे उभी राहिले. म्हटलं, "आई, वेलींनी काही केलेलं नाही, शपथ घेऊन सांगते."

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी कदाचित सगळं सांगून टाकलं असतं. ती म्हणाली, "मला तितं बगवत न्हाय लीले. मीच तिला जाऊ दिलं त्या ओलीत. पान्यात उभं ऱ्हाऊ दिलं पयल्या म्हयन्यात. मला काय कळत नव्हतं व्हय? माझंच चुकलं."

मी बाजूला झाले.

दादानं बुडापासून कापायला सुरुवात केली. वहिनी घरातून आली आणि म्हणाली, "कापू नगा. मी सोडते." त्यानं विळा खाली ठेवला. तिनं एकेक गाठ सोडली, वेल बांबूवरून उतरवून खाली निजवली. दादा तिच्या मागून चालत वेली गोळा करत होता. दोघं दुपार होईस्तोवर बरोबर होते.

मी एक वेल मुळासकट उपटून बघितली. मुळं पांढरी आणि लांब, कुठं कूज नाही. इतकी निरोगी मुळं मी कॉलेजातसुद्धा पाहिली नव्हती. वहिनीला दाखवावी म्हणून हात पुढं केला, मग मातीतच टाकली.

संध्याकाळी बांबू निघाले. चर आता कुणी उपसणार नाही.

१७ फेब्रुवारी

वहिनी बाजूला बसली. कांबळं घेऊन स्वतःच सोप्यात गेली. मी ताट घेऊन जवळ गेले तर म्हणाली, "लांबनं वाडा, वन्सं." आवाजात राग नव्हता. मी लांबून वाढलं.

आईनं तिला तिथं बसलेलं बघितलं तशी तिची हनुवटी हलली. पण म्हणाली, "येळ लागतोय पोरी. एकदा ऱ्हायला म्हंजे परत ऱ्हाईल." दादाकडं वळून म्हणाली, "चैतात दोगं मिळून जोतिबाला जाऊन या." दुसरीचं नाव तिनं काढलं नाही. वहिनी या घरात राहिली. माझ्या खऱ्यानं तिला घालवलं असतं आणि तिच्या खोट्यानं तिला ठेवलं. मला आनंद व्हायला हवा. पण परत राहिलाच नाही तर? किती चैत्र चालेल हे?

चाचणीच्या वह्या तपासायच्या पडल्यात. तपासवत नाहीत.

१ मार्च

आज दुपारी वहिनी आणि दादा बाजारात गेले होते. घरात मी आणि आईच. आई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकली.

"लीले, एक इचारू? खरं सांग."

मला वाटलं, तिला कळलं. मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "विचार."

"तू तितं होतीस न्हवं त्या दिशी. चौथ्यात आकार येतोय म्हंत्यात. पोरगा होता का पोरगी?"

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला 'मला माहीत नाही' म्हणून सांगता आलं असतं. पण मग तिनं आयुष्यभर दोन्ही धरून बसायचं.

"मुलगी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. तिला मुलगा हवा होता, मला माहीत आहे, दादाच्या लग्नापासून ती तेच म्हणत आली.

"पोरगी तर पोरगी," ती म्हणाली. "असती की."

मग तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं, आणि दाराकडं बघून, ती दोघं येत नाहीत ना याची खात्री करून, हळूच म्हणाली, "कालिंदीला सांगू नगंस हां. तिला सोसायचं न्हाय."

"नाही सांगत," मी म्हटलं.